पटलात शिरलेली हळद

नोकरीतली बहुतेक वर्षं माझी एकाच प्रश्नामागे गेली. हळदीतलं करक्युमिन पेशीच्या पटलापर्यंत पोचतं तेव्हा तिथे नेमकं काय होतं? पेशीभोवतीचं पटल आणि पेशीच्या आतल्या मायटोकाँड्रियाची पटलं, एवढीच माझ्या कामाची हद्द. शाळेच्या पुस्तकात तंतुकणिका म्हणून ज्यांची ओळख होते तेच हे मायटोकाँड्रिया; प्रयोगशाळेत आम्ही दिवसभर नुसतं ‘मायटो’ म्हणतो. आता निवृत्ती तोंडावर आली आहे. दवाखान्याबाहेरच्या बाकांवर, लग्नघरात, मोबाइलवर फिरणाऱ्या निरोपांत हळदीबद्दल जे छातीठोकपणे सांगितलं जातं ते ऐकते आणि वाटतं, या कामात जे डोळ्यांनी पाहिलं ते एकदा साध्या मराठीत मांडावं. हळदीवर माझा जीव आहे, म्हणूनच.

मी पीएच.डी.ला नाव नोंदवलं ते दिवस हळदीच्या पेटंटचे. जखमेवर हळद लावण्याबद्दल मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालं होतं. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं, म्हणजे सीएसआयआरनं, त्याला आव्हान दिलं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा तिथले महासंचालक. जुने ग्रंथ आणि छापील लेख पुरावा म्हणून पुढे ठेवले गेले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. पुण्यातल्या आम्हा विद्यार्थ्यांना तो घरचाच विजय वाटला. त्यानंतर हळदीवरच्या शोधनिबंधांना जणू भरतीच आली. करक्युमिन सूज उतरवतं, जंतू मारतं, कर्करोगाच्या पेशी मारतं आणि त्याच वेळी निरोगी पेशी वाचवतं. दर महिन्याला ते एखाद्या नव्या प्रथिनाला जाऊन चिकटल्याची बातमी यायची.

मला त्या बातम्यांचा आनंद व्हायचा आणि माझ्या पीएच.डी.च्या मार्गदर्शक सरांच्या कपाळाला आठी पडायची. ते म्हणायचे, “अहो, एवढासा रेणू, रेणुभार जेमतेम ३६८. इतक्या निरनिराळ्या आकाराच्या प्रथिनांना तो जुळतो कसा? पाण्यात तर विरघळत नाही. मग पेशीत गेल्यावर तो बसतो कुठे, हे आधी शोधा.” माझ्या पुढच्या सगळ्या कामाचं मूळ या एका वाक्यात आहे.

बसतो कुठे, याचं ढोबळ उत्तर कुठल्याही स्वयंपाकघरात मिळेल. फोडणीत हळद टाकली की रंग तेलात उतरतो. नुसत्या पाण्यात पूड गढूळपणे तरंगते आणि खाली बसते. पेशीचं पटलही स्निग्ध पदार्थांचंच असतं. लिपिडचे दोन थर, शेपट्या आत आणि डोकी बाहेर, जाडी जेमतेम ४ ते ५ नॅनोमीटर. करक्युमिनला पेशीत राहायला मिळणारी पहिली जागा हीच. पण ‘तिथे बसतं’ एवढ्यानं भागत नाही. बसल्यावर पटलाचं काय करतं, हे बघायचं तर पटल जिवंत आणि कामावर असताना बघावं लागतं. त्यासाठी मायटोकाँड्रियासारखी दुसरी जागा नाही.

मायटो वेगळे काढायचं काम सकाळी लवकर सुरू होतं आणि सगळं बर्फात चालतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठीच्या समितीची परवानगी हातात असते, आदल्या रात्री उंदराचं खाणं बंद ठेवलेलं असतं. यकृत काढलं की ते थंड सुक्रोजच्या बफरमध्ये घ्यायचं, बारीक कात्रीनं तुकडे करायचे आणि रक्ताची लाली जाऊन वरचं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत धुवायचं. मग काचेची नळी आणि तिच्यात जेमतेम मावणारा टेफ्लॉनचा दांडा. दांडा फिरत असतो आणि नळी आपण हातानं खालीवर करायची. हे मला शिकवलं ते आमच्याकडच्या एका काकांनी. हुद्द्यानं ते प्रयोगशाळा मदतनीस होते, पण मायटोच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा असे. “जोर लावायचा नाही, ताई. नळी खाली घेताना पोकळी झाली की बुडबुडा येतो आणि आतलं फाटतं,” असं ते सांगत. त्यांच्या हातात नळी एका लयीत खालीवर व्हायची आणि बुडबुडा कधी येत नसे. माझ्या हाताला ती लय यायला बरेच महिने गेले.

पुढे सेंट्रिफ्यूज. आधी हळू फिरवायचं म्हणजे न फुटलेल्या पेशी आणि केंद्रकं तळाला जातात. वरचं द्रावण घेऊन जोरात फिरवलं की तळाशी तपकिरी पेलेट बसतो. त्याच्या कडेला एक सैल, फिकट थर असतो. तो अलगद धुऊन टाकायचा. खालचा घट्ट तपकिरी भाग म्हणजे आपले मायटो. ते काही तास कामाचे राहतात. दुपार टळली की त्यांच्याकडून प्रामाणिक उत्तर मिळत नाही, म्हणून त्या दिवशीचं जेवण बहुधा चारनंतरच होई.

ते कामाचे आहेत का, हे ऑक्सिजन इलेक्ट्रोडवर कळतं. लहानशा कप्प्यात बफर ढवळत असतं, खाली इलेक्ट्रोड विरघळलेला ऑक्सिजन मोजतो आणि त्या काळात तो आकडा कागदाच्या पट्टीवर पेननं रेघ होऊन उमटायचा. मायटो घालायचे, इंधन म्हणून सक्सिनेट घालायचं. रेघ सावकाश उतरू लागते. मग थोडं एडीपी दिलं की ती एकदम खाली झुकते, कारण आता मायटो एडीपीचं एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, करायच्या मागे लागलेले असतात आणि त्यासाठी ऑक्सिजन भराभर वापरतात. एडीपी संपलं की रेघ पुन्हा सावकाश. या दोन उतारांचं गुणोत्तर पटल किती शाबूत आहे ते सांगतं. सक्सिनेटवर ते चाराच्या खाली आलं तर आमच्याकडे त्या दिवशीचा प्रयोग रद्द असे, मग सकाळपासूनची मेहनत कितीही असो.

हे सगळं जमल्यावर करक्युमिन घालायचं. एडीपी नसताना, रेघ सावकाश चालू असताना, सुईनं थेंबभर द्रावण कप्प्यात सोडलं आणि रेघ झुकली. ऑक्सिजन खर्च होतोय, एटीपी मात्र वाढत नाही. याचा अर्थ कळायला पीटर मिचेल यांची कल्पना लागते. त्यांनी ती १९६१ मध्ये मांडली, बरीच वर्षं लोकांनी ती मानली नाही आणि १९७८ मध्ये तिला नोबेल मिळालं. मायटोकाँड्रिया अन्नातली ऊर्जा वापरून प्रोटॉन आतल्या पटलाच्या बाहेर ढकलतात. पटलाच्या दोन बाजूंत १५० ते १८० मिलिव्होल्टचा फरक तयार होतो. आकडा लहान वाटतो, पण पटल इतकं पातळ की सेंटिमीटरच्या हिशेबात तो काही लाख व्होल्ट होतो. प्रोटॉन परत आत येतात ते एटीपी बनवणाऱ्या यंत्रातून. कोयनेचं पाणी बोगद्यातून पोफळीच्या वीजगृहात पडलं तर टर्बाइन फिरतं. तेच सांडव्यावरून सोडलं तर पाणी जातं आणि दिवा एकही लागत नाही. करक्युमिनच्या फिनॉल गटांना प्रोटॉन धरता आणि सोडता येतो, आणि रेणू स्निग्ध असल्यानं पटलात वावरता येतं. थोडे प्रोटॉन यंत्राला बगल देऊन आत येऊ लागतात. उत्पन्न होते ती नुसती उष्णता.

हा परिणाम तसा सौम्य आहे. पण याच प्रकारची एक गोष्ट आमच्या क्षेत्रात प्रत्येकाला ठाऊक असते आणि ती मी दर वर्षी नव्या मुलांना सांगते. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत, पटलात अशीच गळती पाडणारं डायनायट्रोफिनॉल हाताळणारे कामगार खंगू लागले, काही तापानं दगावले. पुढे १९३३ नंतर अमेरिकेत तेच रसायन वजन उतरवण्यासाठी गोळ्यांतून विकलं गेलं. वजन उतरलंही. कुणाला मोतीबिंदू झाले, कुणी अंगातली आग न सोसून गेले आणि १९३८ मध्ये तिथे त्यावर बंदी आली. मायटोच्या पटलातली गळती म्हणजे काय, हे त्या माणसांनी भोगून दाखवलं.

मात्रा वाढवली की चित्र पालटतं. कॅल्शियम दिलेल्या मायटोमध्ये जास्त करक्युमिन घातलं की ते फुगतात. हे दिसतं फार साध्या रीतीनं: गढूळ द्रावण स्वच्छ होत जातं आणि ५४० नॅनोमीटरवरचं रीडिंग घसरतं. आतल्या पटलात एक मोठं छिद्र उघडतं, पाणी आत शिरतं, बाहेरचं पटल ताणून फाटतं आणि सायटोक्रोम सी नावाचं प्रथिन बाहेर पडतं. पेशीला मरणाचा हुकूम मिळतो तो इथून. सायक्लोस्पोरीन हे औषध घातलं की छिद्र उघडत नाही, म्हणजे पटल नुसतं विरलेलं नाही, ते छिद्र हे एक ठरावीक दार आहे. २००१ मध्ये एका फ्रेंच गटानं यावर निबंध लिहिला. करक्युमिन लोहाला अशा रूपात आणतं की त्यातून घातक हायड्रॉक्सिल मूलकं तयार होतात, ती पटलातल्या प्रथिनांचे गंधकाचे गट जाळतात आणि दार उघडतं, असं त्यांनी दाखवलं होतं. ज्याला सगळे अँटिऑक्सिडंट म्हणून डोक्यावर घेतात, तोच रेणू इथे ऑक्सिडेशन घडवून आणत होता.

तो निबंध वाचल्यावर मी बराच वेळ स्वस्थ बसून राहिले. कारण आमच्याच प्रयोगशाळेत दुसऱ्या टेबलावर, कमी मात्रेत, करक्युमिन पटलातल्या लिपिडना ऑक्सिडेशनपासून वाचवत होतं. दोन्ही रीडिंग खरी होती. तोपर्यंत माझ्या वहीत ‘करक्युमिनचा परिणाम’ असा मथळा असायचा. त्यानंतर मात्रा, तापमान, वेळ आणि द्रावण लिहिल्याशिवाय मी तो शब्द लिहिला नाही, विद्यार्थ्यांनाही लिहू दिला नाही.

करक्युमिनबरोबर काम करणं अवघड का, हे सांगायला हवं, कारण बाहेरच्यांना ते माहीत नसतं. हा रेणू पिवळा आहे आणि तो चमकतो. साधारण ४२५ नॅनोमीटरचा प्रकाश शोषून घेतो आणि स्निग्ध जागी गेल्यावर हिरवट उजेड देतो. आमच्या निम्म्या चाचण्या रंगावर किंवा चमकेवर चालतात. शिवाय तो टिकत नाही. रक्तासारख्या किंचित अल्कधर्मी साध्या बफरमध्ये, ३७ अंशांवर, अर्ध्या तासात त्यातला जवळजवळ ९० टक्के भाग विघटित होतो, असं १९९७ मध्ये मोजून दाखवलं गेलं. सीरम असेल तर तो जास्त तग धरतो. अल्क आणखी वाढलं की लाल होतो. हळदीचं कुंकू होताना दिसणारा लाल रंग तोच. उजेडातही तो बिघडतो, म्हणून आमच्या नळ्या चंदेरी कागदात गुंडाळलेल्या असतात आणि द्रावण रोज ताजं. एखाद्या निबंधात करक्युमिन दोन दिवस पेशींवर ठेवलं असं वाचलं की मी आधी हे बघते, दोन दिवसांनी तिथे करक्युमिन उरलं होतं का?

या चमकेवरून घडलेला एक प्रसंग मला कधीच विसरता येणार नाही. एक हुशार विद्यार्थिनी जेसी-वन नावाच्या रंगावर काम करत होती. मायटोच्या पटलावरचा व्होल्टेज चांगला असला की हा रंग लाल चमकतो, व्होल्टेज पडला की हिरवा. करक्युमिन दिलेल्या कर्करोगाच्या पेशी तिला झगझगीत हिरव्या दिसल्या. मात्रेबरोबर हिरवा वाढत जाणारा सुंदर आलेख. विभागात सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. तिला मात्र एक गोष्ट खटकत होती. करक्युमिन घातल्याबरोबर, पहिल्या मिनिटातच हिरवा उजेड येत होता. व्होल्टेज इतक्या झटक्यात पडेल?

कुणीही सांगितलं नव्हतं, तरी तिनं एक जादा नळी लावली. पेशी होत्या, करक्युमिन होतं, जेसी-वन घातलंच नाही. ती नळीही हिरवी चमकली, जवळजवळ तेवढीच. यंत्र जो उजेड मोजत होतं त्यातला मोठा भाग करक्युमिनचा स्वतःचा होता. ती माझ्याकडे आली तेव्हा तिच्या हातात दोन्ही आलेख होते. “मॅडम, हे प्रकरण जाईल ना?” एवढंच तिनं विचारलं. गेलंच. प्रबंध लांबला, घरून लग्नासाठी विचारणा चालू होती, शिष्यवृत्तीचे महिने संपत आले होते. तिनं सगळं पुन्हा केलं, यावेळी टीएमआरएम या नारिंगी चमकणाऱ्या रंगावर आणि जिथे उजेडाचा संबंधच येत नाही अशा टीपीपी इलेक्ट्रोडवर. कमी मात्रेत व्होल्टेज थोडाच उतरत होता, जास्त मात्रेत खरोखर कोसळत होता. आलेख पहिल्याइतका देखणा आला नाही. पण त्यातली प्रत्येक रेघ खरी होती. तिची ती जादा नळी आमच्याकडे रूढ झाली. रंग न घातलेल्या नळ्यांची ओळ लावल्याशिवाय आता कुणी करक्युमिनची बाटली उघडत नाही.

सरांच्या मूळ प्रश्नाकडे परत येते. एवढा लहान रेणू शंभर ठिकाणी कसा पोचतो? माझ्यासाठी याचं उत्तर उलगडलं ते २००७ मध्ये, न्यूयॉर्कमधल्या ओलाफ अँडरसन यांच्या गटाचं काम वाचताना. त्यांनी ग्रॅमिसिडिन हे पटलात वाहिनी तयार करणारं पेप्टाइड वापरलं. याची वाहिनी दोन अर्ध्या तुकड्यांची असते, एक तुकडा पटलाच्या या थरात, दुसरा त्या थरात. दोन्ही समोरासमोर येऊन जुळले तरच आयन पलीकडे जातात. वाहिनीची लांबी पटलाच्या जाडीपेक्षा कमी, म्हणजे जुळण्यासाठी पटलाला आत दबावं लागतं. पटल लवचीक झालं की जुळणी सोपी. करक्युमिन घातल्यावर वाहिन्या जास्त वेळा जुळू लागल्या आणि जास्त वेळ जुळलेल्या राहिल्या. करक्युमिन कुठल्या प्रथिनाला पकडत नव्हतंच; पटलच बदलत होतं, आणि पटलात रुतलेली प्रथिनं त्या बदलाप्रमाणे वागत होती. दुसऱ्या एका गटानं क्ष-किरणांनी पाहिलं, तर करक्युमिन शिरलं की पटल पातळ होत होतं. २००९ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या लोकांनी एनएमआर तंत्रानं दाखवलं की रेणू पटलात खोल उभा शिरतो आणि लिपिडच्या फॉस्फेटला हायड्रोजन बंधानं धरून राहतो, जवळपास कोलेस्टेरॉल राहतं तसा.

२०१४ मध्ये अँडरसन यांच्या गटानं आणखी पुढचं सांगितलं. हिरव्या चहातलं ईजीसीजी, सोयाबीनमधलं जेनिस्टीन, द्राक्षांतलं रेस्व्हेराट्रॉल, मिरचीतलं कॅप्सेसिन आणि आपलं करक्युमिन, सगळी पटलाचे गुणधर्म बदलतात आणि एकमेकांशी काही संबंध नसलेल्या पटलातल्या प्रथिनांवर परिणाम घडवतात. वनस्पतींमधली ही नावाजलेली रसायनं ‘सगळ्यावर’ का चालतात, याचं निदान एक मोठं कारण इथे आहे.

आकडे वाचून पटतं, डोळ्यांनी पाहिलं की मुरतं. मी विद्यार्थ्यांना तांबड्या पेशी दाखवते, कारण त्यांच्यात मायटोकाँड्रिया नसतात, केंद्रक नसतं. आहे ते बाहेरचं पटल. बोटातून थेंब घ्यायचा, पेशी धुऊन घ्यायच्या, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या. मध्ये खोलगट, गोल, एकसारख्या पेशी दिसतात. मग कडेनं करक्युमिनचं द्रावण सोडायचं. काही वेळातच एकेका पेशीच्या काठाला खाचा पडू लागतात, मग टोकं येतात आणि अख्खी पेशी काटेरी होते. शीट्झ आणि सिंगर यांनी १९७४ मध्ये मांडलेला विचार इथे उपयोगी पडतो: बाहेरच्या थरात पाहुणे रेणू शिरले की तो थर आतल्यापेक्षा पसरतो आणि पेशी काटे काढते, आतल्या थरात शिरले तर ती वाटीसारखी वळते. प्लाझ्मा धुऊन न काढता हाच प्रयोग केला तर काटे कमी दिसतात, कारण त्यातलं अल्ब्युमिन बरंचसं करक्युमिन स्वतःकडे धरून ठेवतं. मात्रा वाढवत नेली की काही पेशी फुटतात आणि पार्श्वभूमी तांबूस होते. पोरांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे दिसतं त्यासाठी मी हा वर्ग दुसऱ्या कुणाला देत नाही.

शेतकऱ्यांच्या मेळाव्यांनाही मला बोलावत. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच्या आगेमागे करक्युमिनच्या टक्क्यांवर भाव मिळेल अशी चर्चा सगळीकडे चालू होती. एका मेळाव्यात एक वयस्क शेतकरी उठून म्हणाले, “बाई, आम्ही गड्डे काढतो, शिजवतो, वाळवतो, पॉलिश करतो. आता हे टक्के कुठनं आणायचे?” प्रश्न योग्य होता. हळदीत करक्युमिन साधारण तीन टक्क्यांच्या आसपास. वाण, जमीन, काढणीची वेळ यांवर ते कमीजास्त होतं. टक्का जास्त म्हणजे अर्क काढणाऱ्याचा फायदा, हे त्यांना सांगितलं. पण टक्का जास्त म्हणजे खाणाऱ्याला औषध जास्त, हे मात्र मी म्हणाले नाही, संयोजकांची तशी फार इच्छा होती तरी. आमच्याकडे येणारं ‘शुद्ध’ करक्युमिनसुद्धा सिलिकाच्या पट्टीवर चढवलं की एकाच्या जागी तीन पिवळे ठिपके दाखवतं. बाजारातल्या मालात मूळ करक्युमिन साधारण ७७ टक्के असतं, उरलेले त्याचे दोन भाऊबंद. पटलावर तिघे सारखे वागतात असं गृहीत धरता येत नाही. आणि अख्ख्या हळकुंडात तेल आहे, पिष्ट आहे, आणखी कितीतरी आहे. आपण खातो ती हळद. आम्ही तपासतो तो त्यातला एक अंश.

आता सगळ्यात अवघड भाग. गावात, नात्यात, ओळखीत कुणाला कर्करोग झाला की फोन येतो. “ताई, तुम्ही हळदीवर काम करता ना? किती द्यायची?” या फोनांनी मला जितकं जबाबदार केलं तितकं कुठल्याही परीक्षकानं केलं नाही. समोर घाबरलेलं माणूस असतं. मी ‘द्या, चांगली असते’ म्हणाले तर त्याला धीर येईल हे मला कळतं. पण बशीतल्या पेशींवर आम्ही १० ते ५० मायक्रोमोलर करक्युमिन घालतो. तैवानमध्ये २००१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रुग्णांना रोज ८ ग्रॅम करक्युमिन तोंडानं दिलं, तरी रक्तातली सर्वाधिक पातळी २ मायक्रोमोलरच्या आतच राहिली. चमचाभर हळदीत करक्युमिन १०० मिलिग्रॅमच्या आसपास. आतडं आणि यकृत त्याला लगेच बांधून बाहेरची वाट दाखवतात. म्हणजे मी ज्या पटलांचे काटे पाहते, त्या पातळीला वरणातली हळद पोचत नाही. यात वाईटही काही नाही. स्वयंपाकातली हळद पिढ्यान् पिढ्या निर्धोक राहिली, त्याचं हेही एक कारण असावं.

गोळ्यांचं तसं नाही. काळ्या मिरीतलं पिपरीन २० मिलिग्रॅम सोबत दिलं तर माणसात करक्युमिनचं शोषण २००० टक्क्यांनी वाढतं, असं १९९८ मध्ये बंगळूरच्या डॉक्टरांनी लिहिलं आणि तेव्हापासून बऱ्याच गोळ्यांत मिरीचा अर्क असतो. पातळी वाढवली की परिणामही वाढणार, हव्या त्या जागी आणि नको त्या जागीही. इटलीत २०१९ मध्ये हळदीच्या पूरक गोळ्यांनंतर यकृताला सूज आल्याची प्रकरणं पुढे आली. अमेरिकेतल्या यकृततज्ज्ञांच्या जाळ्यानं २०२२ मध्ये अशा दहा रुग्णांची नोंद मांडली. त्यांतल्या बहुतेकांत एक विशिष्ट आनुवंशिक खूण सापडली. आणि केमोबद्दल तर २००२ चा एक निबंध मला कायम समोर दिसतो. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींत केमोच्या काही औषधांनी होणारं पेशींचं मरण करक्युमिननं रोखलं होतं आणि उंदरांतही गाठ आक्रसण्याचं प्रमाण कमी झालं होतं. केमोची कित्येक औषधं पेशीला मारतात ती मायटोच्याच वाटेनं. त्या वाटेत कुणी उभं राहत असेल तर रुग्णाच्या डॉक्टरांना ते माहीत असायला हवं. उंदरातलं माणसात जसंच्या तसं लागू होत नाही, हेही मी सांगते. २०१७ मध्ये मिनेसोटातल्या रसायनशास्त्रज्ञांनी करक्युमिनच्या १२० हून अधिक चाचण्यांचा आढावा घेऊन लिहिलं की दुहेरी अंध, प्लासिबोशी तुलना केलेली एकही चाचणी यशस्वी ठरलेली नाही. त्यावर वाद झाले. माझ्याच क्षेत्रातले लोक दुखावले गेले. मला तो निबंध गरजेचा वाटला आणि आजही वाटतो, कारण त्यांनी तेच दुखणं बोलून दाखवलं होतं जे आमच्या हिरव्या चमकणाऱ्या नळीनं आम्हाला दाखवलं.

मागे एका बाईंचा फोन आला. नवऱ्याची केमो चालू, आणि कुणा नातेवाइकानं परदेशातून करक्युमिनच्या गोळ्या पाठवलेल्या. त्यांनी दोन महिने दिल्याही होत्या. डॉक्टर रागावतील म्हणून त्यांना सांगितलं नव्हतं. मी त्यांना बाटलीवरचं सगळं वाचून दाखवायला सांगितलं, मिरीच्या अर्कासकट. मग म्हणाले, ही बाटलीच पिशवीत घाला आणि उद्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा, काही बोलायची गरज नाही. त्यांनी तसं केलं. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी यकृताची तपासणी करून घेतली आणि केमो संपेपर्यंत गोळ्या बंद ठेवायला सांगितल्या. जेवणातली हळद चालू राहिली.

आता हळदीबद्दल फोन आला की उत्तराआधी मी तीन गोष्टी विचारते. हळद की गोळी? गोळीत मिरी आहे का? आणि सोबत दुसरं कुठलं औषध चालू आहे? बऱ्याचदा तिसऱ्या प्रश्नावर पलीकडून सांगतात, “थांबा ताई, पिशवी घेऊन येतो,” आणि मी थांबते.